तंत्रज्ञानावरचे सरकारी आदेश: अधिकार कुठे संपतो, हे कसे तपासायचे?

कलमवाचक

एखादे संकेतस्थळ बंद झाले, एखादी पोस्ट भारतात दिसेनाशी झाली किंवा एखाद्या सेवेवर नवी अट आली, की चर्चा "योग्यच केले" आणि "गळचेपी आहे" यांत अडकते. न्यायालयात मात्र सुरुवात तिथून होत नाही. तिथे पहिला प्रश्न असतो की हे करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमातून आला. हेतू उत्तम असलेले आदेश या प्रश्नावर पडले आहेत आणि अनेकांना जाचक वाटणारे आदेश याच प्रश्नावर टिकले आहेत. भारतातल्या तरतुदी आणि निकाल धरून ही तपासणी कशी करायची, यासाठी हा धागा काढतो आहे. जाणकारांनी भर घालावी.

हातात आलेला कागद नेमका काय आहे, ते आधी ओळखा. सर्वांत वर राज्यघटना, तिच्याखाली संसदेचा किंवा विधिमंडळाचा अधिनियम, त्याखाली अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि विनियम, मग अधिसूचना आणि आदेश. परिपत्रक, सल्लापत्र, प्रसिद्धिपत्रक हे सगळ्यात खाली. खालचा कागद वरच्याच्या चौकटीबाहेर गेला की तेवढ्यापुरता तो निष्प्रभ. बातम्यांत या सगळ्यांना सरसकट "नवा कायदा" म्हटले जाते आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते.

एक उदाहरण घ्या. इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने १ मार्च २०२४ रोजी सल्लापत्र काढले. पुरेशी चाचणी न झालेली किंवा भरवशाची नसलेली एआय मॉडेल्स भारतातल्या वापरकर्त्यांना देण्यापूर्वी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी, असे त्यात होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये एआय मॉडेलला परवाना देण्याची तरतूद नाही. २०२१ च्या मध्यस्थ नियमांतही (मध्यस्थ म्हणजे इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या सेवा) नाही. म्हणजे परवानगीच्या अटीला खाली आधारच नव्हता. १५ मार्चला सुधारित सल्लापत्र आले आणि परवानगीची अट त्यातून गेली. दोन आठवड्यांत अट मागे घेतली गेली ही चांगली गोष्ट, पण त्या दोन आठवड्यांत ती बंधनकारक समजून निर्णय घेणाऱ्यांनी सल्लापत्राच्या तळाशी कोणत्या कलमाचा हवाला आहे एवढे जरी पाहिले असते, तरी उत्तर मिळाले असते.

यामागचे तत्त्व जुने आहे. खरक सिंग प्रकरणात (१९६२) उत्तर प्रदेश पोलिसांच्या पाळत ठेवण्याच्या विनियमांना वैधानिक आधार नव्हता. ते खात्यांतर्गत सूचनांच्या दर्जाचे होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधल्या (अभिव्यक्ती, व्यवसाय वगैरे) स्वातंत्र्यांवर निर्बंध घालायला "कायदा" लागतो आणि खात्यांतर्गत सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे तिथे स्पष्ट झाले. सल्लापत्राने मूलभूत हक्क आखडता येत नाही.

दुय्यम कायदा, म्हणजे नियम आणि विनियम, कोणकोणत्या कारणांनी पडतो याची चांगली जंत्री तामिळनाडू राज्य विरुद्ध पी. कृष्णमूर्ती (२००६) मध्ये आहे. नियम करणाऱ्याला अधिकारच नसणे, मूलभूत हक्कांचा भंग, घटनेतल्या दुसऱ्या तरतुदीचा भंग, मूळ अधिनियमाशी विसंगती किंवा त्याने दिलेल्या अधिकारापलीकडे जाणे, देशातल्या अन्य कायद्याशी विरोध, आणि उघड मनमानी. तंत्रज्ञानविषयक नियमाला दिलेले आव्हान यातल्या एका तरी खणात बसवता आले पाहिजे. "हा नियम अव्यवहार्य आहे" एवढ्याने भागत नाही. अव्यवहार्यता मनमानीच्या पातळीला गेली, हे कागदावर दाखवावे लागते.

दूरसंचारी

चांगला धागा. शेवटच्या वाक्याला जोडून कॉल ड्रॉपचे प्रकरण सांगतो, कारण अव्यवहार्यता कागदावर कशी दाखवायची याचा तो नमुना आहे.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१५ मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती केली. १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे कॉल करणाऱ्या ग्राहकाला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलपुरता. ग्राहकहिताची, लोकप्रिय तरतूद. दिल्ली उच्च न्यायालयात टिकली. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ती रद्द केली.

कारणे बघा. ट्रायच्याच सेवा गुणवत्ता विनियमांत महिन्याला सरासरी २ टक्क्यांपर्यंत कॉल तुटणे मान्य होते. म्हणजे कंपनी एका विनियमाचे तंतोतंत पालन करते आणि तरी दुसऱ्या विनियमाखाली दंड भरते. शिवाय ट्रायच्याच तांत्रिक टिपणात कॉल तुटण्याची कारणे दिली होती आणि त्यांतली काही ग्राहकाच्या बाजूची होती: हँडसेट, बॅटरी, ग्राहक कुठे उभा आहे. दोष कोणाचा हे न बघता सगळा भार कंपनीवर टाकणे मनमानी ठरले. नियामकाचे म्हणणे पाडणारा पुरावा नियामकाच्याच फायलीत होता. आव्हान देणाऱ्याने बाहेरून तज्ज्ञांची मते गोळा करत बसण्याआधी नियामकाचे सल्लामसलतपत्र, तांत्रिक टिपण, जुने विनियम आणि स्पष्टीकरणात्मक निवेदन बारकाईने वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा मुद्दा पारदर्शकतेचा. ट्राय अधिनियमाच्या कलम ११(४) प्रमाणे कामकाज पारदर्शक ठेवणे बंधनकारक आहे. न्यायालयाने म्हटले की आलेल्या हरकतींना सकारण उत्तर नसेल, तर नुसत्या हरकती मागवल्याने हे कलम पाळले जात नाही. मात्र हे कलम ट्रायला लागू आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली नियम करताना केंद्रावर असे वैधानिक बंधन नाही. मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचे २०१४ चे पूर्वसल्लामसलत धोरण आहे, पण ते धोरण आहे, अधिनियमातले कलम नव्हे. त्यामुळे "सल्लामसलत झाली नाही" हा मुद्दा ट्रायविरुद्ध जितका वजनदार, तितका मंत्रालयाविरुद्ध नाही. तिथे तो दुय्यम मुद्दा म्हणूनच घ्यावा.

साधा_प्रश्न

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. पोस्ट किंवा संकेतस्थळ बंद करण्याबाबत कधी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ए तर कधी ७९(३)(बी) वाचायला मिळते. दोन्हींतून शेवटी मजकूर जातोच. मग फरक कशाला पडतो?

नियमपोथी

खूप पडतो. माझ्या मते या क्षेत्रातला सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा वाद हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

६९ए हा थेट अधिकार आहे. केंद्र सरकार किंवा त्याने खास प्राधिकृत केलेला अधिकारी मजकूर रोखण्याचा निर्देश देऊ शकतो. पण कारणे मोजकी: भारताची सार्वभौमता व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणे. अब्रुनुकसानी या यादीत नाही. सभ्यता, नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमानही नाही. हे तीनही अनुच्छेद १९(२) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांच्या कारणांत, आहेत, पण संसदेने ते ६९ए मध्ये घातलेले नाहीत. म्हणून "बदनामीकारक" एवढेच कारण देणारा ६९ए चा आदेश पहिल्याच पायरीवर कोसळतो.

प्रक्रिया २००९ च्या रोखनियमांत आहे. मागणी संबंधित संस्थेच्या नोडल अधिकाऱ्यामार्फत जाते. राज्य सरकारला स्वतः ६९ए चा आदेश काढता येत नाही. त्यांनाही आपल्या नोडल अधिकाऱ्यामार्फत केंद्राकडेच मागणी करावी लागते. मागणी तपासणाऱ्या समितीत पदनिर्देशित (केंद्राने या कामासाठी नेमलेला) अधिकारी अध्यक्ष, आणि विधी, गृह, माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे सहसचिव दर्जाचे प्रतिनिधी व सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचा प्रतिनिधी. नियम ८ प्रमाणे मजकूर टाकणारा किंवा मध्यस्थ यांची ओळख पटवण्याचा प्रयत्न करून नोटीस द्यायची, उत्तराला किमान ४८ तास द्यायचे. नियम ९ आणीबाणीसाठी: सचिव अंतरिम आदेश देऊ शकतात, पण ४८ तासांच्या आत प्रकरण समितीपुढे यायलाच हवे. पुनर्विलोकन समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचे. आणि नियम १६ प्रमाणे मागणी, तक्रार, कारवाई सगळे गोपनीय.

सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालात (२४ मार्च २०१५) ६६ए (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारे कलम) रद्द झाले आणि ६९ए टिकले. का टिकले? कारणे मर्यादित आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येते. म्हणजे प्रक्रिया हेच या कलमाच्या वैधतेचे टेकू आहेत. एखाद्या आदेशात प्रक्रिया गाळली असेल, तर तो आदेश ज्या निकालाचा आधार घेतो त्याच निकालाने अडचणीत येतो.

आता ७९. हे मध्यस्थाला तिसऱ्याच्या मजकुराच्या दायित्वापासून संरक्षण देणारे कलम आहे. ७९(३)(बी) म्हणते की मजकूर बेकायदा कृत्यासाठी वापरला जातो हे प्रत्यक्ष कळल्यावर किंवा सरकारने कळवल्यावर तो तातडीने हटवला नाही, तर ते संरक्षण जाईल. श्रेया सिंघलमध्ये त्याचा अर्थ आवळला गेला: प्रत्यक्ष माहिती म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा समुचित शासनाची अधिसूचना, आणि तीही अनुच्छेद १९(२) च्या कारणांपुरती. या कलमात समिती नाही, ४८ तासांची नोटीस नाही, मजकूर टाकणाऱ्याला ऐकणे नाही, पुनर्विलोकन समिती नाही. कारणांची यादी मात्र कितीतरी रुंद आहे.

वाद इथे आहे. कलमाच्या शब्दांत "हटवा" असा आदेश देण्याचा अधिकार नाही. न हटवल्यास संरक्षण गेले, एवढाच परिणाम आहे. पण व्यवहारात कोणतीही मोठी कंपनी एका पोस्टसाठी खटला ओढवून घेत नाही, म्हणून सूचनेचे रूपांतर आदेशात होते. परिणाम ६९ए चा आणि प्रक्रिया जवळपास शून्य. हे मला गंभीर वाटते. संसदेने एका दारावर पहारे बसवले असताना शेजारच्या दाराने तेच काम करता येणार असेल, तर पहाऱ्यांना अर्थ राहत नाही.

एक व्यावहारिक भर: पोलिसांकडून येणाऱ्या पत्रांत कधी कधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ लिहिलेले असते. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ९१. कागदपत्र किंवा वस्तू हजर करण्याबद्दलचे ते कलम आहे. त्याखाली माहिती मागता येते, मजकूर काढायला लावता येत नाही.

सीमारेषा

नियमपोथी, मांडणी स्वच्छ आहे, पण दुसरी बाजू अपुरी राहिली. ती वाचकांसमोर यायला हवी, नाहीतर लोक चुकीच्या भरवशावर न्यायालयात जातील.

२४ सप्टेंबर २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी एक्स कॉर्पची (पूर्वीचे ट्विटर) याचिका फेटाळली. गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचे "सहयोग" पोर्टल आणि त्यावरून जाणाऱ्या ७९(३)(बी) च्या सूचना यांना ते आव्हान होते. श्रेया सिंघलमधले विवेचन २०११ च्या मध्यस्थ नियमांपुरते होते, ते २०२१ च्या नियमांवर जसेच्या तसे लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि अनुच्छेद १९ ही भारतीय नागरिकांची ढाल आहे, परदेशी कंपनीला ती घेता येणार नाही, हेही.

सरकारची अडचणही खरी आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर, फसवणुकीच्या बनावट गुंतवणूक जाहिराती, संमतीशिवाय टाकलेली खासगी चित्रे: यांतले बरेच ६९ए च्या कारणांत बसत नाही, आणि काही तासांत ते हजारो ठिकाणी पसरते. प्रत्येक वेळी समितीची बैठक हा त्यावरचा उपाय नव्हे. जलद मार्ग लागणारच. प्रश्न त्या मार्गावर सही कोणी करायची आणि नंतर कोणी तपासायचे हा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२१ च्या मध्यस्थ नियमांतल्या नियम ३(१)(डी) त दुरुस्ती झाली, १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. सूचना देणारा अधिकारी सहसचिव किंवा समकक्ष दर्जाचा हवा, तो दर्जा नेमलेला नसेल तिथे संचालक; पोलिसांकडून असेल तर खास प्राधिकृत केलेला उपमहानिरीक्षक किंवा त्यावरचा. सूचनेत कायदेशीर आधार, बेकायदा कृत्याचे स्वरूप आणि नेमका पत्ता हवा. सचिव दर्जाचा अधिकारी महिन्यातून एकदा आढावा घेईल.

पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाच्या सहीने आलेली सूचना आता या एका दुरुस्तीवरच पडते. हटवण्याची मुदत मूळ २०२१ च्या नियमात ३६ तास होती. मुदतीचे आकडे दुरुस्त्यांत बदलतात, त्यामुळे जुन्या लेखांवर न विसंबता सूचनेच्या तारखेला लागू असलेले राजपत्रच उघडा.

नियमपोथी

@सीमारेषा, जलद मार्ग हवा हे मान्य. पण तो संसदेने ६९ए सारखा आखून द्यावा, संरक्षण काढून घेणाऱ्या पोटकलमातून अर्थ ताणून काढू नये. दुरुस्तीतला आढावाही त्याच कार्यकारी यंत्रणेचा आहे. ज्याचा मजकूर गेला त्याला त्यात ना नोटीस ना जागा.

अनुच्छेद १९ बद्दल तुम्ही सांगितलेले मात्र प्रत्येक याचिकाकर्त्याने नीट ध्यानात घ्यावे. १४ आणि २१ "व्यक्तीला" आहेत, १९ "नागरिकांना". कंपनी एकटी याचिकाकर्ती असेल तर १९ चा मुद्दा लंगडा होतो. संपादक, भागधारक किंवा ज्याची पोस्ट गेली तो भारतीय वापरकर्ता सहयाचिकाकर्ता हवा. बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या प्रकरणात (१९७२) भागधारक आणि संपादकांमुळेच तो मार्ग मोकळा झाला. अगदी प्राथमिक गोष्ट आहे, पण राहून जाते.

कलमवाचक

बेनेट कोलमनचे नाव निघाले म्हणून त्याच्या आधीचे, आपल्या पुण्याचे प्रकरण इथे नोंदवतो: सकाळ पेपर्स विरुद्ध भारत संघ, निकाल १९६१ चा. डिजिटल नियमनाच्या चर्चेत ते जितके यायला हवे तितके येत नाही.

वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियम, १९५६ आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड घातली होती. जास्त पाने द्यायची तर किंमत वाढवा. पुरवण्या आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण. सरकारचे समर्थन आजच्या समाजमाध्यम मंचांच्या नियमनात ऐकू येते तेच: मोठ्यांची मक्तेदारी मोडायची, छोट्यांना जागा द्यायची, स्पर्धा निकोप ठेवायची. न्यायालयाने म्हटले की किंमत वाढवली तर खप घटतो, पाने कमी केली तर मजकूर घटतो. दोन्ही बाजूंनी अभिव्यक्तीच आखडते. व्यवसायावर, म्हणजे १९(१)(जी) वर, सर्वसाधारण लोकहितासाठी १९(६) खाली निर्बंध घालता येतो. अभिव्यक्तीवर, म्हणजे १९(१)(ए) वर, फक्त १९(२) मधल्या कारणांसाठी. आणि "लोकहित" हे कारण १९(२) मध्ये नाही.

आज एखादा नियम "आम्ही व्यवसायाचे नियमन करतो आहोत" असे म्हणत वाचकापर्यंत काय पोहोचेल हेच ठरवत असेल, तर ही कसोटी थेट लागते. मुंबई उच्च न्यायालयात तथ्य-तपासणी कक्षाचा नियम पडला, त्याच्या मुळाशी हेच होते. ६ एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कामकाजाबद्दलची माहिती "खोटी, असत्य किंवा दिशाभूल करणारी" असल्याचे केंद्राचाच कक्ष ठरवणार आणि मंचाने ती ठेवली तर त्याचे संरक्षण धोक्यात येणार होते. ३१ जानेवारी २०२४ ला खंडपीठात मतभेद झाला. कक्षाची अधिसूचना २० मार्चला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या २० सप्टेंबर २०२४ च्या मतानंतर नियम रद्द झाला. शब्दरचना संदिग्ध, मूळ अधिनियमाच्या बाहेर, १४ व १९ चा भंग. मजकूर खोटा असणे हे स्वतंत्र कारण १९(२) मध्ये नाही, हा त्यातला गाभा.

हिशेबतपासनीस

अधिकार आहे, कारणही वैध आहे, तरी आदेश पडला असेही होते. ती प्रमाणबद्धतेची पायरी. त्यासाठी इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन विरुद्ध रिझर्व्ह बँक (४ मार्च २०२०) वाचावे.

६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली आणि तीन महिन्यांत आधीचे संबंध तोडायला सांगितले. न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला, अगदी ठामपणे. तरी परिपत्रक रद्द झाले, कारण बँकेच्या अखत्यारीतल्या एकाही संस्थेचे आभासी चलनाच्या देवघेवीमुळे नुकसान झाल्याचे बँक दाखवू शकली नाही. चलनावर बंदी नव्हती, पण बँकिंगची वाट तोडल्याने त्यांची देवघेव करणारा धंदा मात्र पूर्ण बंद पडत होता. सौम्य पर्यायांचा पुरेसा विचारही दिसला नाही.

कसोटीचे टप्पे चार: हेतू वैध आहे का, उपायाने तो साधतो का, त्याहून कमी जाचक पण तितकाच परिणामकारक उपाय होता का, आणि लाभाच्या तुलनेत हक्काची हानी बेसुमार आहे का. यातला तिसरा टप्पा याचिकाकर्त्याच्या हातातला आहे. "सौम्य उपाय होता" एवढे लिहून उपयोग नाही. तो उपाय नावानिशी मांडावा, दुसऱ्या कायद्यात किंवा नियामकाकडे तो आधीच वापरात असल्याचे दाखवावे आणि त्याने तोच हेतू कसा साधला असता ते सांगावे.

आर्थिक बाबतीत न्यायालये सरकारला मोकळीक देतात, हे मात्र विसरू नये. आर. के. गर्ग निकालापासून (१९८१) ही भूमिका कायम आहे. निव्वळ व्यवसायाचा हक्क पुढे केला तर चढण मोठी आहे. अभिव्यक्ती किंवा खासगीपणा जोडला गेला की तपासणी कडक होते.

दूरसंचारी

इंटरनेटबंदीचे राहिले आहे, थोडक्यात टाकतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २०(२) खाली सेवा-निलंबनाचे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. त्यांनी २०१७ च्या नियमांची जागा घेतली. आदेश हातात आला की आधी सही पाहा: केंद्रात गृहसचिव, राज्यात गृहखात्याचे सचिव. अपरिहार्य परिस्थितीत प्राधिकृत सहसचिव चालतो, पण २४ तासांत सक्षम अधिकाऱ्याची पुष्टी नसेल तर आदेश संपला. मग कारणे, भौगोलिक क्षेत्र आणि कालावधी. कालावधी १५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. आदेश प्रसिद्ध करावा लागतो. पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत बसायचे.

सर्वोच्च न्यायालयाच्या अनुराधा भसीन निकालामुळे (१० जानेवारी २०२०) बेमुदत बंदी आणि अप्रकाशित आदेश या दोन्ही गोष्टी बेकायदा ठरल्या. कलमाची पूर्वअट सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही आहे. राजस्थानात २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या दिवशी इंटरनेट बंद ठेवले गेले. परीक्षेतली कॉपी या पूर्वअटीत कशी बसते, हे मला तरी पटत नाही.

अडचण वेळेची आहे. याचिका बोर्डावर येईपर्यंत बंदी उठलेली असते आणि सरकारी वकील "आता प्रश्नच उरला नाही" म्हणतात. म्हणून मागणी एका आदेशापुरती न ठेवता प्रसिद्धी, पुनर्विलोकन समितीच्या बैठकींची इतिवृत्ते आणि पुढच्या आदेशांसाठीची कार्यपद्धती यांच्याबद्दलही ठेवावी.

साधा_प्रश्न

सगळे वाचले, खूप उपयोगी आहे. आता प्रत्यक्ष: एखाद्या छोट्या संकेतस्थळ चालवणाऱ्याला "कायदेशीर विनंतीवरून तुमचे पान भारतात रोखले आहे" एवढीच मेल आली, तर त्याने काय क्रमाने करावे?

नियमपोथी

मेल पूर्ण शीर्षमाहितीसह जतन करा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यात पाठवणाऱ्याचा सर्व्हर आणि नेमकी वेळ नसते. रोखलेल्या पानाचा पूर्ण पत्ता, मजकुराची प्रत आणि दोन-तीन वेगळ्या सेवादात्यांवरून दिसणारा संदेश तारीख-वेळेसह ठेवा. एका सेवादात्याकडे उघडते आणि दुसऱ्याकडे नाही, असे असेल तर ती नोंदही महत्त्वाची, कारण मग अडचण तांत्रिकही असू शकते.

त्याच दिवशी मंचाला किंवा होस्टिंग कंपनीला लेखी विचारा: आदेश कोणत्या कलमाखाली, तारीख आणि संदर्भ क्रमांक काय, तो एका पानापुरता की संपूर्ण खात्यापुरता, आदेश अंतरिम आहे की अंतिम. ६९ए असेल तर गोपनीयतेमुळे बहुतेकदा प्रत मिळणार नाही, पण कलम तरी कळते. खाते की पोस्ट हा प्रश्न टाळू नका. कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी तेव्हाच्या ट्विटरची याचिका ५० लाख रुपये खर्चासह फेटाळताना संपूर्ण खाते रोखण्याचा अधिकारही मान्य केला होता. तरी भविष्यातला, अजून न लिहिलेला मजकूर आधीच रोखणे प्रमाणबद्ध कसे, हा मुद्दा इतर न्यायालयांपुढे घेता येतो.

समांतरपणे पदनिर्देशित अधिकाऱ्याला मेल: मजकूर मी लिहिला आहे, माझी ओळख संकेतस्थळावर उघड आहे, नियम ८ खाली नोटीस मिळालेली नाही, प्रत आणि सुनावणी द्यावी. हे पत्र पुढे याचिकेचा कणा होते. "लेखक सापडला नाही" असे मग म्हणता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये एका व्यंगात्मक संकेतस्थळाच्या मालकाला आदेशाची प्रत आणि निर्णयोत्तर सुनावणी द्यायला लावली, ते याच आधारावर मागता येते.

मंचाने स्वतःच्या धोरणाखाली मजकूर काढला असेल तर रस्ता वेगळा: आधी मंचाचा तक्रार अधिकारी, मग त्याच्या निर्णयापासून ३० दिवसांत तक्रार अपील समिती. सरकारी आदेशाविरुद्ध मात्र ही समिती कामाची नाही. तिथे जाऊन दिवस घालवू नका.

सीमारेषा

याचिकेबद्दल मी जोडतो. अनुच्छेद २२६(२) प्रमाणे वादाचे कारण अंशतः जिथे घडले त्या उच्च न्यायालयात जाता येते. संकेतस्थळ जिथून चालते, उत्पन्नाचे किंवा वाचकांचे नुकसान जिथे झाले, ते पत्ते आणि कागद जोडा. अशा रिट याचिकेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागत नाही. "दुसरा उपाय आहे" अशी हरकत आली तर सर्वोच्च न्यायालयाचा व्हर्लपूल निकाल (१९९८) दाखवा: मूलभूत हक्क, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्रच नसणे किंवा अधिनियमाच्या वैधतेला आव्हान असेल तिथे पर्यायी उपायाची आडकाठी नाही.

मागण्यांचा क्रम महत्त्वाचा. अनेक याचिका थेट "नियम १६ घटनाबाह्य ठरवा" इथून सुरू होतात आणि वर्षानुवर्षे रेंगाळतात. आदेशातच दोष असेल तर पहिली मागणी आदेश सादर करण्याची, दुसरी तो रद्द करण्याची, नियमाच्या वैधतेला आव्हान पर्यायी मागणी म्हणून. न्यायालये अरुंद कारणावर निकाल द्यायला तयार असतात, आणि पान परत उघडणे हे तुमचे काम त्याने होते. अंतरिम मागणी वेगळी आणि छोटी ठेवा: उदाहरणार्थ, वादग्रस्त परिच्छेद झाकून बाकीचे पान खुले करावे. उशीर करू नका. सहा महिने गप्प बसून तातडी सांगता येत नाही.

हिशेबतपासनीस

माहिती अधिकाराचाही अर्ज टाकून ठेवावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ६९ए च्या बाबतीत माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ए) (राज्याची सुरक्षा वगैरे कारणे) आणि रोखनियमांतला नियम १६ दाखवून नकार येण्याची शक्यता मोठी, म्हणून आदेशाची प्रत हा एकच प्रश्न ठेवू नका. सुटे प्रश्न विचारा: समितीची बैठक कोणत्या तारखेला झाली, नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवली, नियम ९ वापरला का, वापरला असल्यास प्रकरण ४८ तासांत समितीपुढे गेले का, पुनर्विलोकन समितीने हे प्रकरण कधी पाहिले. तारखा उघड केल्याने राज्याच्या सुरक्षेला धोका कसा, हे नाकारणाऱ्याला सांगावे लागते. सोबत कलम १० खाली गोपनीय भाग वगळून उरलेला देण्याची मागणी लिहा. नकार आला तर पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. उत्तरात "नोंद उपलब्ध नाही" असे आले तर ते पत्र जपून ठेवा आणि प्रतिज्ञापत्रासोबत जोडा. लेखी नोंद हीच तर ६९ए ची अट आहे.